ऑक्टेन नको, ऑक्सिजन दे!

स्वतःच्या गाडीने लेहला जायचं म्हटलं की पहिलं भांडण पेट्रोलवरून होतं. उंचावर इंजिनाला नेमकं काय कमी पडतं? दोन गाड्या, चार माणसं आणि एका लांबलचक रस्त्याने दिलेलं हे उत्तर...

लडाख ट्रिपचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात व्हॉट्सअॅप ग्रुप तयार होतो. दुसऱ्यात निम्मे लोक 'अरे यार, लीव्ह मिळत नाहीये' म्हणत गळतात. आणि तिसऱ्यात उरलेले निम्मे 'टाकीत काय भरायचं' यावरून भांडतात.

आमच्या ग्रुपमध्ये 2025 च्या जूनमध्ये चार जण उरले होते. मी, माझी कॉलेजची मैत्रीण, दादा आणि वहिनी. गाड्या दोन. माझी 1.2 लिटरची साधी पेट्रोल हॅचबॅक. ना टर्बो, ना सनरूफ, ना भाव खाणं. दादाची मात्र एक लिटरची टर्बो पेट्रोल एसयूव्ही, अगदी कोरी. त्यामुळे दादाचं ज्ञानही एकदम कोरं करकरीत!

'अगं, साडेसतरा हजार फुटांवर जायचंय. साधं पेट्रोल तिथे दम टाकणार. हाय ऑक्टेनच पाहिजे,' हा त्याचा फंडा. सोबत दोन बाटल्या ऑक्टेन बूस्टर. माझ्या गाडीसाठीही एक, बहिणीवरचं प्रेम म्हणून.

निघण्याआधी सर्व्हिसिंगसाठी नाना पेठेतल्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेले, तेव्हा ती बाटली त्यांना दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत माझ्या हातात दिली. 'ताई, वर गाडीला पेट्रोल नाही कमी पडत, हवा कमी पडते. त्यापेक्षा एअर फिल्टर नवा टाका, प्लग बघून घेऊ.'

एवढंच बोलून ते बॉनेटखाली गेले. त्यांच्या त्या एका वाक्यात काय काय दडलंय, ते कळायला मला पुढचे दोन हजार किलोमीटर लागले.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, बॉस!

आधी थोडं बेसिक. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त पॉवर, असं आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं. पंपावरचे चकाचक बोर्ड बघून तसं वाटणारच. पण ऑक्टेनचा आकडा सांगतो तो पेट्रोलचा संयम. म्हणजे किती दाब आणि किती उष्णता सोसून ते ठिणगी पडेपर्यंत गप्प बसतं ते.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण पिस्टन दाबतो. मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका टोकाकडून शिस्तीत पसरत जाते. पण दाब आणि उष्णता प्रमाणाबाहेर गेली, तर ज्योत पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपल्याआप पेटतं. आतून 'टकटक, खडखड' असा आवाज येतो. हेच ते नॉकिंग. गॅरेजवाले 'गाडी नॉक करते' म्हणतात ते हेच. हे फार वेळ चाललं तर पिस्टनची वाट लागते.

ही मोजपट्टी बनवताना आयसोऑक्टेन नावाच्या रसायनाला 100 मार्क दिले आणि एन-हेप्टेनला शून्य. 91 ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे 91 भाग आयसोऑक्टेन आणि 9 भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका संयम असलेलं पेट्रोल. बस्स, इतकंच! त्यात घोडे लपलेले नसतात.

आपल्याकडचं साधं पेट्रोल बरीच वर्षं 91 चं होतं. आता त्यात 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन 108 च्या आसपास असल्यामुळे साधं पेट्रोलही 95 वर गेलंय, असं पेट्रोलियम मंत्रालयाने 2025 च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं. म्हणजे काही वर्षांपूर्वी ज्यासाठी आपण जादा पैसे मोजायचो, तेवढा आकडा आता साध्या नळातून येतो. मायलेज थोडं घटतं ही कुरकुर खरी आहे, कारण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते. पण तो वेगळा विषय, त्यावर वेगळं भांडू.

तर प्रश्न असा, की डोंगर चढताना हा संयम जास्त लागतो की कमी?

चंदीगडची चैन

दादाचं उत्तर ठरलेलं होतं. चंदीगडला पोहोचल्यावर त्याने पंप शोधून काढला आणि टाकी फुल केली ती इंडियन ऑइलच्या 100 ऑक्टेनवाल्या 'एक्सपी-100'ने. हे पेट्रोल 2020 च्या डिसेंबरमध्ये मोजक्या शहरांत आलं, तेव्हा दिल्लीत ते लिटरला 160 रुपये होतं. बिल बघून वहिनी म्हणाली, 'एवढ्यात माझी एक पैठणी नाही, पण ब्लाउज नक्की आला असता.'

मी समोरच्या पंपावर साधं भरलं.

पण गंमत पुढे आहे. चंदीगड ते मनाली साधारण 300 किलोमीटर. मनालीत शिरताना दादाची निम्मी टाकी संपलेली. मनालीहून अटल टनेल पकडला. 3 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालेला हा नऊ किलोमीटरचा बोगदा रोहतांगचा जवळपास चार हजार मीटरचा चढ वाचवतो. एका तोंडाला हिरवीगार देवदारं, दुसऱ्या तोंडाला लाहौलचे उघडेबोडके डोंगर. नऊ किलोमीटरमध्ये कोणीतरी चॅनेल बदलल्यासारखं वाटतं!

बोगद्यानंतर तांडी. इथला पेट्रोल पंप म्हणजे या रस्त्यावरचं तीर्थक्षेत्रच. 'पुढचा पंप 365 किलोमीटरवर' ही इथली पाटी वर्षानुवर्षं लोकांच्या फोटोंत झळकत आलीय. शहाणी माणसं टाकी इथे गळ्यापर्यंत भरतात. आम्हीही भरली. एकाच पंपावर, एकाच नळाने, एकच साधं पेट्रोल.

'दादा, तुझी पैठणी आता कॉटनमध्ये मिक्स झाली,' मी म्हटलं. तो हसला नाही.

पण मुद्दा लक्षात घ्या. हाय ऑक्टेन पेट्रोल मिळतं ते मोठ्या शहरांत. खरी उंची सुरू होईपर्यंत ते बहुतेक जळून गेलेलं असतं. आणि उरलेलं तिथे कामाला येतं का? तर त्याचं उत्तर चिप्सच्या पाकिटात आहे.

पाकीट फुगतं, इंजिन सुकतं

लाहौलमध्ये वर चढायला लागलात की डॅशबोर्डवर ठेवलेलं चिप्सचं पाकीट फुगायला लागतं. टम्म! पाकिटातली हवा पुण्याची, बाहेरची हवा विरळ. आतला दाब तोच, बाहेरचा उतरलेला.

मुंबईत समुद्रकिनाऱ्यावरचा हवेचा दाब 100 धरला, तर पुण्यात तो 94 च्या आसपास असतो, महाबळेश्वरला 85, मनालीला 78, लेहला 65 आणि सुमारे 5,300 मीटरवरच्या तांगलांग ला या खिंडीत जेमतेम 52. आकडे ढोबळ आहेत, हवामानाप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात. पण सरळ अर्थ असा, की तांगलांग लावर तुमच्या छातीत आणि गाडीच्या सिलिंडरमध्ये प्रत्येक श्वासाला निम्मीच हवा जाते.

आता साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाचं बघा. सिलिंडरमध्ये हवा निम्मी आली की पिस्टनने ती कितीही दाबली तरी आतला दाबही जवळजवळ निम्माच होतो. दाब कमी म्हणजे पेट्रोल आपल्याआप पेटायची भीती कमी. भीती कमी म्हणजे संयमाची गरज कमी. थोडक्यात, उंचावर इंजिनाला ऑक्टेन *जास्त* नाही, *कमी* लागतो!

दादाच्या फंड्याच्या बरोब्बर उलटं.

याचा जिवंत पुरावा अमेरिकेत पंपावर बघायला मिळतो. माझी आतेबहीण डेन्व्हरला असते. ते शहर समुद्रसपाटीपासून एक मैल उंच. तिथल्या पंपावर तीन बटणं असतात, त्यातलं सर्वांत स्वस्त 85 चं. अमेरिकेत सखल भागात हेच सर्वांत स्वस्त पेट्रोल 87 चं असतं. (त्यांची मोजायची पद्धत वेगळी आहे. त्यांचं 87 म्हणजे आपल्या हिशोबात साधारण 91-92.) कार्ब्युरेटरच्या जमान्यात तिथल्या लोकांच्या लक्षात आलं, की डोंगरात कमी ऑक्टेनवर गाड्या मस्त चालतात, मग उगाच महाग पेट्रोल कशाला विकायचं? तो 85 अजून टिकून आहे. आता मात्र बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये 87 च्या खाली जाऊ नका असं लिहिलेलं असतं. का, ते पुढे येतंच.

आपल्याकडे लडाखसाठी वेगळं पेट्रोल नाही. वेगळं आलं ते डिझेल! 2019 च्या नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलने लडाखच्या थंडीसाठी उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. म्हणजे तिथल्या इंधनाचा खरा प्रॉब्लेम उंचीपेक्षा थंडी हा होता.

आंबेनळीत खडखड, लडाखमध्ये शांतता

मग ऑक्टेनची खरी परीक्षा कुठे होते? मे महिन्याची दुपार. गाडीत पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी फुल. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताय आणि तिसरा गिअर काही सोडवत नाही. हवा दाट, इंजिन तापलेलं, ओझं भरपूर. नॉकिंगसाठी यापेक्षा भारी मुहूर्त नाही. एकवेळ तिथे चांगल्या पेट्रोलवर पैसे घालवले तर समजू शकते. लडाखच्या खिंडीत नाही.

माझ्या साध्या गाडीने संपूर्ण रस्त्यात एकदाही टकटक केली नाही. पण एक गोष्ट केली. दम टाकला. आणि तो कुठल्याही बाटलीने भरून येणारा नव्हता.

साध्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्के घटते. माझ्या गाडीचे ऐंशीच्या घरातले घोडे वर पोहोचेपर्यंत निम्म्यावर येणार होते, तेही दोन माणसं आणि चार बॅगांसकट. गाटा लूप्सची 21 वळणं मी पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्येच काढली. ट्रकला ओव्हरटेक करायचं म्हणजे आधी मनातल्या मनात अर्ज करायचा, मग रस्ता लांबवर मोकळा दिसला तरच पुढे. पुण्यात ज्या गॅपमध्ये गाडी सहज घुसवतो, ती गॅप तिथे विसरायची. हे सगळ्यात महत्त्वाचं. उंचावर जीव जाऊ शकतो तो या हिशोबात चुकल्यामुळे, पेट्रोलच्या आकड्यामुळे नाही.

जुन्या गाड्यांचे हाल याहून जास्त व्हायचे. कार्ब्युरेटरला हवा विरळ झाल्याचं कळत नाही. तो पेट्रोल आपला पूर्वीच्याच हाताने सोडत राहतो. मग काळा धूर, काजळलेले प्लग, बंद पडणारं इंजिन. म्हणून जुने बुलेटवाले वर जाताना जेट बदलायचे, टायमिंग पुढे घ्यायचे. आजच्या गाडीत हे काम ईसीयू करतो. सेन्सर हवेचा दाब मोजतो आणि त्या हिशोबाने पेट्रोल बेतून सोडतो. इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर नावाचा एक छोटा कान असतो. त्याला टकटक ऐकू आली की ईसीयू ठिणगीची वेळ मागे घेतो, ऐकू आली नाही तर जमेल तेवढी पुढे ठेवतो. आजची इंजिनं ऑक्टेनचा पुरेपूर वापर करून घेतात, म्हणूनच तिकडे मॅन्युअलवाले 85 ला नाही म्हणतात.

टर्बोची गोष्ट वेगळी

आता दादाला त्याचा हक्काचा मार्क देऊया. त्याची गाडी टर्बो होती आणि टर्बोला हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, जो बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. बाहेर हवा विरळ झाली की तो जास्त जोरात फिरतो आणि तूट भरून काढायला बघतो. त्यामुळे आतला दाब बऱ्याच उंचीपर्यंत खालच्यासारखाच राहतो. आणि दाब राहिला म्हणजे ऑक्टेनची गरजही राहिली! वर विरळ हवा जास्त दाबावी लागल्याने ती जास्त तापते, ते वेगळंच. थोडक्यात, टर्बो गाडीला उंचावर ऑक्टेनमध्ये साध्या गाडीइतकी सूट मिळत नाही. कंपनीने मॅन्युअलमध्ये जो आकडा दिलाय तो पाळायचा. पण त्याच्या वर आणखी काही ओतायची गरज तरीही नाही.

या पंख्यालाही मर्यादा असतेच. फार उंचावर तोही थकतो. बारालाचा लाच्या चढावर दादाची गाडी माझ्या पुढे झोकात निघून गेली, पण वर भेटल्यावर तो म्हणाला, 'खालच्यासारखी नाही ओढत गं.' एवढं कबूल करायला त्याला 4,900 मीटर चढावं लागलं!

जिस्पाचा तिसरा दिवस

आता त्या गोष्टीकडे येते, जी ट्रिपमध्ये सगळ्यात महत्त्वाची ठरली.

बारालाचाच्या आधी आम्ही जिस्पाला थांबलो होतो. उंची साधारण 3,200 मीटर. भागा नदीच्या काठावरचं शांत गाव. दोन रात्री राहून, तिसऱ्या दिवशी सरचूला मुक्काम आणि मग लेह, असा दादाचा एक्सेल शीटमधला प्लॅन. दुसऱ्या रात्री वहिनीचं डोकं जाम दुखायला लागलं. जेवण नको, पाणीही नको. सकाळी थोडं कमी, पण चेहरा उतरलेला.

दादा म्हणाला, 'टाक्या फुल आहेत, गाड्या फिट आहेत, रस्ता मोकळा आहे. हळूहळू जाऊ की.'

ढाब्यावर चहा देणाऱ्या काकांनी आमचं बोलणं ऐकलं असावं. त्यांनी फक्त विचारलं, आज मुक्काम कुठे? सरचू म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. का, ते नकाशा उघडल्यावर कळलं. सरचू जवळपास 4,300 मीटरवर. म्हणजे एका दिवसात झोपायची जागा हजार मीटरहून जास्त वर. तीन हजार मीटरच्या वर रोज रात्री 500 मीटरपेक्षा जास्त चढू नये, हा डॉक्टरांचा साधा नियम. त्यात सरचूची गोची अशी, की त्याच्या दोन्ही बाजूंना त्याहून उंच खिंडी आहेत. रात्री कोणाचा त्रास वाढला तर उपाय एकच, खाली उतरणं. पण सरचूहून खाली जायला आधी वर चढावं लागतं! मागे फिरलात तर बारालाचा. पुढे गेलात तर गाटा लूप्स आणि त्यावरच्या खिंडी.

वहिनी शांतपणे म्हणाली, 'अरे, तुझ्या गाडीत नॉक सेन्सर आहे ना? माझं डोकं दुखतंय तोच माझा सेन्सर. आज थांबायचं.'

यावर दादाकडे फंडा नव्हता. आम्ही थांबलो. दिवसभर नदीकाठी बसलो, पाणी प्यायलो, हळूहळू चाललो, पत्ते खेळलो. संध्याकाळी वहिनीने स्वतःहून मॅगी मागितली, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. रात्र छान झोप लागली. चौथ्या दिवशी पहाटे चारला निघालो, ते सरचूला न राहता थेट लेहच गाठायचं ठरवून. लेह 3,500 मीटरवर. दिवसा खिंडी ओलांडायच्या आणि झोपायला खाली यायचं. जिस्पा ते लेह 330 च्या वर किलोमीटर, प्रत्येक गाडीला दोन ड्रायव्हर, मध्ये भरपूर ब्रेक. लवकर निघाल्याने नाल्यांना बर्फाचं पाणी वाढायच्या आत आम्ही पार झालो.

बारालाचाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या आणि सूरज ताल अर्धा गोठलेला. पांगला भात अर्धाकच्चा मिळाला, कारण तिथे पाणी आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी आधीच उकळतं. मोरे प्लेन्समध्ये टेबलासारखा सपाट रस्ता आला आणि माझी हॅचबॅक खूश झाली. तांगलांग लावर दहा मिनिटं, चार फोटो आणि उतार. रात्री साडेआठला लेह. वहिनी ठणठणीत!

दुसऱ्या दिवशी डिकी आवरताना बूस्टरच्या दोन्ही बाटल्या सापडल्या. सील न फोडलेल्या. पुण्याला परत आल्यावर दादाने त्या दुकानात नेऊन दिल्या, पण दुकानदाराने घेतल्या नाहीत. कोणाला हव्या असतील तर कळवा, आंबेनळी घाटासाठी उपयोगी पडतील!

जाताय? मग हे बघा...

• गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याचं पेट्रोल भरा. साध्या इंजिनाला उंचीसाठी वरचा ऑक्टेन लागत नाही. टर्बोलाही मॅन्युअलच्या वर जायची गरज नाही.

• बूस्टरचे पैसे नवा एअर फिल्टर, प्लग, ब्रेक आणि टायरवर घाला.

• तांडीला टाकी फुल. पुढच्या पंपाच्या भरवशावर राहू नका.

• सामान निम्मं करा. वर ताकद निम्मी असते.

• चढावर गिअर आधीच खाली घ्या. ओव्हरटेक करताना पुण्या-मुंबईच्या दुप्पट जागा धरा.

• जिस्पा किंवा केलाँगला किमान दोन रात्री. कोणाचं डोकं दुखत असेल तर वर चढायचं नाही, आणि त्रास वाढला तर खाली उतरायचं. औषध डॉक्टरांना विचारूनच.

• प्लॅनमध्ये एक दिवस रिकामा ठेवा. आमच्या ट्रिपला तोच उपयोगी पडला.